अमेरिकी मोटार, तिचे पंख आणि तिचा पत्रा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या आणि नव्या अमेरिकी मोटारींच्या रूपाविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. या विषयाला मराठी वृत्तपत्रात पानभर जागा मिळाली याचा आनंद आहेच. परंतु लेखकाने ज्या दोन विधानांवर सारा डोलारा उभा केला आहे, ती दोन्ही मला मान्य नाहीत. पहिले विधान असे की, अमेरिकी मोटार म्हणजे मागच्या मडगार्डवर उभारलेले पंख, क्रोम आणि आगगाडीच्या डब्याएवढी लांबी, आणि हा थाट १९५० च्या दशकाबरोबर संपला तेव्हा त्या देशाची रचनाकलाही संपली. दुसरे असे की, आजच्या मोटारी एकमेकींच्या जुळ्या बहिणी वाटतात, याचा दोष विंड टनेलचा, म्हणजे गाडीवरून वारा सोडून तिचा आकार तपासण्याच्या बोगद्याचा, आहे. माझे म्हणणे याच्या जवळजवळ उलट आहे. अमेरिकी रचनाकारांनी सर्वांत चांगले काम केले ते पंख छाटून टाकल्यानंतर, साधारण १९६१ ते १९६६ या सहा वर्षांत. आणि पुढे त्या कामाला जी उतरती कळा लागली, तिचे कारण वाऱ्यापेक्षा वॉशिंग्टनच्या कायद्यांत, विशेषतः ट्रकला मिळालेल्या सवलतीत, शोधावे लागते.

हे लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. मोटारीच्या पत्र्याचे भाग ज्या डायमधून दाबून निघतात, त्या डायची ड्रॉइंगे मी चिंचवडला चौतीस वर्षे काढली. त्याआधीचे माझे शिक्षण मात्र कुर्ल्याला मामांच्या गॅरेजात झाले. १९६७-६८ च्या सुमारास प्लिमथ आणि डॉज गाड्या त्यांच्याकडे डेंटिंगला येत. मडगार्ड ठोकून झाले की मामा हातोडी खाली ठेवीत, ट्यूबलाइट लावीत आणि पत्र्याला गाल टेकवून तिचे प्रतिबिंब पाहत बसत. प्रतिबिंबाची पांढरी रेघ पत्र्यावरून न मोडता सरकत गेली, तर काम झाले. ती कुठे थरथरली, तर तिथे खडूची खूण होई आणि डॉली, म्हणजे ठोकताना आधाराला धरायचा लोखंडी ठोकळा, पुन्हा पत्र्याखाली जाई. "लांबी (पुटी) भरून कोणीही सारखे करील, पण दिव्याखाली पत्रा खोटे बोलत नाही," असे ते म्हणत. पुढे नोकरीत आल्यावर मला कळले की, डेट्रॉइटच्या स्टुडिओंतही मातीच्या नमुन्यावर चकचकीत पातळ फिल्म चढवून प्रकाशाच्या रेघा अशाच तपासतात. तेव्हापासून कोणतीही मोटार मी आधी तिच्या अंगावरच्या उजेडावरून पाहतो. तिचे दागिने नंतर दिसतात.

त्या गाड्या मुंबईत कुठून आल्या, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे होते, पण लेखात त्याचा उल्लेख नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या मोटारींची जुळणी होत असे. जनरल मोटर्सने तर त्याच्याही कितीतरी आधी, १९२८ मध्ये, शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. कुर्ल्याच्या या तिन्ही गाड्या आतून बऱ्याच अंशी एकच होत्या. फरक होता तो चेहऱ्याचा. डॉजच्या बॉनेटवर शिंगे वळवलेला मेंढा, प्लिमथच्या बॉनेटवर शिडे फुगवलेले जहाज. मामांच्या बाकड्यावर असे एक जहाज कित्येक महिने पडून होते. त्याचा क्रोम मागच्या बाजूने फोडासारखा सुटला होता आणि मी तो नखाने काढी. एकच सांगाडा, एकच इंजिन, आणि त्यावर निरनिराळी तोंडे, ही युक्ती अमेरिकी मोटारधंद्याच्या मुळाशी आहे, हे त्या वयात मला कसे कळावे?

ही युक्ती ज्यांनी शास्त्रासारखी बसवली, ते जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन आणि रचनाकार हार्ली अर्ल. हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी १९१४ पासून जवळजवळ बारा वर्षे फक्त काळ्या रंगात मिळत होती. स्लोन यांनी जनरल मोटर्समध्ये प्रत्येक खिशाला परवडेल अशी वेगळी गाडी आणि दरवर्षी थोडे बदललेले रूप, असा हिशेब मांडला. आणि रूप बदलायला माणूस हवा म्हणून लॉस एंजलिसमध्ये सिनेनटांच्या गाड्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या अर्ल यांना बोलावून घेतले. १९२७ ची ला साल ही अर्ल यांची तिथली पहिली गाडी. त्याच वर्षी त्यांच्यासाठी कंपनीने कला आणि रंग असा स्वतंत्र विभाग उघडला. अर्ल यांनी मोठा बदल केला तो नमुना घडवण्याच्या पद्धतीत. इतर कारखान्यांत लाकूड आणि पत्रा यांचे नमुने होत असताना त्यांनी लाकडी सांगाड्यावर तेलमिश्रित मातीचा थर चढवून पूर्ण आकाराची मोटार घडवण्याचा प्रघात पाडला. आपल्याकडे पेणला ज्याने शाडूच्या मूर्तीची सोंड वळताना पाहिली आहे, त्याला यातला फरक सांगावा लागणार नाही. लाकडातून कापून काढावे लागते, मातीत बोटाने चढवता येते. १९३० नंतर अमेरिकी मोटारी एकाएकी गुबगुबीत आणि प्रवाही का झाल्या, याचे अर्धे उत्तर या मातीत आहे.

आता पंखांविषयी, कारण लेखाचा जीव त्यांच्यातच अडकला आहे. १९४१ मध्ये अर्ल आपल्या रचनाकारांना लॉकहीडचे पी-३८ हे दोन शेपट्यांचे लढाऊ विमान पाहायला घेऊन गेले होते. युद्ध संपल्यावर १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डवर त्या विमानाची आठवण उमटली. ती इतकी लहान होती की आज तिला कोणी पंख म्हणणारही नाही. मडगार्डची रेघ मागे येता येता जराशी वर उचलली गेली आहे आणि तिच्या टोकाला दिवा बसवला आहे, एवढेच. डावा दिवा वर उचलला की त्याच्याखाली पेट्रोलच्या टाकीचे तोंड सापडते. दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या मोटारींच्या मेळाव्यात एका सज्जन मालकांनी मला तो दिवा स्वतः उचलू दिला. बिजागरीला ना आवाज, ना खेळ. ज्याने हे भोक लपवायचे ठरवले त्याला आपली रेघ मध्येच तुटू द्यायची नव्हती, हे त्या क्षणी हाताला कळले. हा पंख मला मान्य आहे, कारण तो एका रेघेचा शेवट आहे.

१९५९ च्या कॅडिलॅकचा पंख हा शेवट नव्हे, ती आरोळी आहे; आणि ती का दिली गेली याची हकिकत मोटारजगतात प्रसिद्ध असूनही लेखात नाही. १९५६ च्या उन्हाळ्यात जनरल मोटर्सचे तरुण रचनाकार चक जॉर्डन दुपारच्या सुटीत गाडी घेऊन बाहेर पडले असता त्यांना माउंड रोडजवळ कुंपणापलीकडच्या मोकळ्या जागेत क्रायस्लरच्या १९५७ च्या, अजून बाजारात न आलेल्या प्लिमथ ओळीने उभ्या दिसल्या. व्हर्जिल एक्सनर यांनी काढलेल्या त्या गाड्या बुटक्या, पाचरीसारख्या आणि पातळ छताच्या होत्या. जनरल मोटर्समध्ये त्या वेळी १९५९ साठी जे घडत होते, ते याच्यापुढे जाडजूड आणि म्हातारे वाटावे असे होते. अर्ल युरोपात गेलेले. जॉर्डन यांनी परत येऊन अर्ल यांच्या हाताखालचे बिल मिचेल यांना सांगितले, मिचेलही जाऊन कुंपणातून डोकावून आले, आणि साहेब परदेशी असताना त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी मातीचे जुने नमुने बाजूला सारून नवे घडवायला घेतले. अर्ल परतले तेव्हा त्यांनी ते बंड मोडले नाही, मान्य केले. १९५९ ची ५.७ मीटर लांबीची कॅडिलॅक ही अशी घाबरून आणि चिडून दिलेल्या उत्तराची पैदास आहे. तिचे छत पाहावे, वळत जाणारी काच पाहावी, ती फार सुंदर आहेत. पण पंख मात्र तिच्या बाकीच्या अंगाशी एक शब्द बोलत नाहीत.

ज्या एक्सनर यांच्यामुळे हे सारे झाले, त्यांच्या १९५७ च्या गाड्या मी अधिक वरच्या मानतो, कारण त्यांच्यात पंख वेगळा चिकटवलेला नाही, अख्खी गाडीच पंखाकडे चढत जाते. दुर्दैव असे की, त्या घाईने बाजारात आणल्या गेल्या. पाणी गळणे आणि पत्रा लवकर गंजणे यांमुळे त्यांची बदनामी झाली, आणि ती काही खोटी नव्हती.

लेखकाला, आणि बहुतेकांना, त्या काळच्या अमेरिकी गाड्यांचे तोंड इतके सजवलेले का, हा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर मात्र कोणी देत नाही. ते असे की, १९४० पासून अमेरिकेत हेडलाइट एका ठरावीक मापाचा, सात इंच व्यासाचा गोल, सीलबंद असाच वापरावा लागे. १९५७-५८ च्या सुमारास चार लहान दिव्यांची मुभा मिळाली, १९७५ मध्ये चौकोनी दिवे आले, पण स्वतःच्या आकाराचा दिवा घडवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना १९८३ पर्यंत नव्हते. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे साऱ्या कंपन्यांना बाजारातून आणलेले ठरावीक मापांचे डोळे लावून चेहरा रंगवायचा होता. मग भुवया कोरा, जाळी बदला, बंपरला मिशा काढा. ज्याला हेही नको, त्याने डोळे झाकावेत, जसे गॉर्डन ब्यूरिग यांनी १९३६ च्या कॉर्डमध्ये मडगार्डच्या आत लपवले, किंवा पुढे १९६३ च्या कॉर्व्हेटमध्ये उलटे फिरवून बॉनेटमध्ये गाडले गेले. आज एलईडीमुळे दिवा दोरीएवढा बारीक करता येतो, कुठेही बसवता येतो. आणि इतके स्वातंत्र्य मिळाल्यावर साऱ्यांनी मिळून काय काढले, तर तोंडभर आडवी एक पांढरी पट्टी. मला यात विनोदापेक्षा वाईटच जास्त वाटते.

आता मूळ मुद्दा. १९६१ च्या लिंकन कॉन्टिनेंटलचा लेखात एका वाक्यात, तोही केनेडींच्या हत्येच्या संदर्भात, उल्लेख आहे. तिची योग्यता मोठी आहे. फोर्डचे रचनाकार एलवुड एंगल यांनी तिचा मूळ नमुना थंडरबर्ड या फोर्डच्याच दुसऱ्या गाडीसाठी केला होता. फोर्डचे अधिकारी रॉबर्ट मॅक्नमारा यांनी तो पाहिला आणि चार दारांची लिंकन म्हणून घ्यायला लावला. आदल्या वर्षीच्या लिंकनपेक्षा ती सुमारे सव्वा फुटाने आखूड झाली, आणि अमेरिकेत श्रीमंती फुटपट्टीने मोजली जात असताना हे करायला धाडस लागते. तिची कूस, म्हणजे बाजूचा पत्रा, पाटासारखी सपाट. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत मडगार्डच्या माथ्यावर एकच चकचकीत बारीक रेघ, आणि बाकी काही नाही. मामांच्या ट्यूबलाइटखाली अशी कूस आणली असती, तर त्यांनी हात जोडले असते, कारण सपाट वाटणाऱ्या पत्र्यात दडवायला जागाच नसते; एक मिलिमीटरचा पोचा दहा फुटांवरून दिसतो. मागची दारे मागच्या बाजूला बिजागरी असलेली आहेत, तीही निव्वळ थाटासाठी नव्हेत. गाडी आखूड केल्यामुळे नेहमीच्या दारातून उतरताना पाय अडखळत होता, म्हणून दार उलटे केले.

यानंतर पाच वर्षांत जे घडले ते एका पिढीला पुरावे इतके आहे. मिचेल यांच्या हाताखाली १९६३ ची ब्युइक रिव्हिएरा झाली, जिच्या मडगार्डची धार इस्त्रीच्या घडीसारखी आहे. त्याच वर्षीची कॉर्व्हेट स्टिंग रे लॅरी शिनोडा यांनी आकाराला आणली. तिच्या मागच्या काचेच्या मधोमध छताचा कणा उतरतो आणि काचेचे दोन भाग करतो. इंजिनिअर झोरा आर्कस-डंटॉव्ह यांचा त्याला विरोध होता, कारण मागचे दिसत नसे. मिचेल यांचा हट्ट होता, कारण कणा काढला तर सारी गाडीच विस्कटेल. पहिल्या वर्षी मिचेल जिंकले, १९६४ मध्ये डंटॉव्ह. काही मालकांनी मधला कणा कापून १९६३ च्या गाडीला नव्या पद्धतीची अखंड काच बसवून घेतली, आणि आज ज्यांचा कणा शाबूत आहे त्याच गाड्यांवर संग्राहक जीव टाकतात. या भांडणात मी डंटॉव्ह यांच्या बाजूचा आहे. ज्या काचेतून मागचे दिसत नाही तिला काच म्हणू नये. पण कण्याची ती रेघ पाहिली की माझे मत क्षणभर डळमळते, हे कबूल करतो.

फोर्डची मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांपुढे आली. किंमत २,३६८ डॉलरपासून. दोन वर्षांच्या आत दहा लाख गाड्या विकल्या गेल्या. खालचा सांगाडा फाल्कन या, साध्यासुध्या हिशेबी माणसासाठी काढलेल्या गाडीचा. रचनाकारांनी इतकेच केले की, पुढच्या चाकाचा मध्य आणि दाराची पुढची कड यांतले अंतर वाढवले, बॉनेट लांब आणि डिकी आखूड केली. ड्रॉइंगच्या भाषेत हे काही इंचांचे काम आहे. त्या काही इंचांत गृहिणीच्या बाजारहाटाच्या गाडीची पळायला निघालेली गाडी झाली. मोटारीचे सौंदर्य दागिन्यांत नसून प्रमाणात असते, याला याहून स्वस्त आणि सोपा पुरावा मला माहीत नाही. १९६६ ची ओल्ड्समोबिल टोरोनाडो ही या मालिकेतली माझ्या मते शेवटची मोठी गाडी. तिच्या चाकांभोवतीचे फुगीर ओठ आणि मागे विनाखंड उतरणारे छत पाहिले, म्हणजे पंखांची तिला गरजच काय होती, असे वाटते.

पुढचा काळ मी भराभर सांगतो, कारण त्यात पाहण्यासारखे थोडे आहे. १९७३ पासून ताशी पाच मैलांच्या धडकेत दिवे आणि महत्त्वाचे भाग शाबूत ठेवणारे बंपर सक्तीचे झाले, आणि पाच वर्षांपूर्वी काढलेल्या गाड्यांना लोखंडी कट्टे जोडल्यासारखे दिसू लागले. कॉर्व्हेटने पुढचा क्रोम बंपर १९७३ मध्ये आणि मागचा १९७४ मध्ये गमावला.

खरा घाव मात्र दुसरीकडून बसला. १९७५ मध्ये इंधनबचतीचा कायदा झाला, तेव्हा मोटारींसाठी एक मापदंड आणि हलक्या ट्रकसाठी वेगळा, सौम्य मापदंड ठरला. त्याआधीच, १९६४ पासून, परदेशातून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात होती. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर बसवला, त्याचा हा सूड, म्हणून तिला आजही कोंबडी-कर म्हणतात. परिणाम उघड होता. ट्रकवर नियम सैल, परदेशी स्पर्धा नाही, नफा भरपूर. मग ज्याला पूर्वी मोठी मोटार विकायची, त्याला ट्रकच्या सांगाड्यावरची बंद गाडी विकणे कंपन्यांच्या सोयीचे झाले. २०१० नंतरच्या नियमांत तर वाहनाची चाके जमिनीवर जितकी जागा व्यापतील तितका मापदंड ढिला, अशी तरतूद आली. म्हणजे लहान होण्याचे बक्षीसच गेले. फोर्डने २०१८ मध्ये उत्तर अमेरिकेत मस्टँग वगळता साऱ्या बैठ्या मोटारी बंद करण्याचे जाहीर केले. शेव्हरोलेची शेवटची सेदान मालिबू २०२४ मध्ये थांबली. एलवुड एंगल आज जन्माला आले, तर त्यांना कूस काढायला मोटारच मिळायची नाही.

ट्रकच्या प्रमाणात रचनाकाराला फारसे काही करता येत नाही. छाती उंच, बॉनेट टेबलासारखे सपाट, काचा वर चढलेल्या. मग रूप दाखवायला उरते ती जाळी, आणि ती दरवर्षी फुगते. हे नुसते आवडीनिवडीचे प्रकरण नाही. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ज्या वाहनांच्या बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून उंच आहे, त्यांची धडक बसलेला पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या वाहनांच्या तुलनेत, सुमारे ४५ टक्के अधिक असते. ४० इंच म्हणजे पहिली-दुसरीतल्या मुलाचा खांदा किंवा मान. १९५९ च्या पंखांना धोकादायक म्हणून हसणाऱ्यांनी आजची ही तोंडेही मोजून पाहावीत.

विंड टनेलला दोष देणे मात्र अन्यायाचे आहे. क्रायस्लरने १९३४ ची एअरफ्लो वाऱ्याच्या बोगद्यात तपासून काढली होती. ती दुसऱ्या कोणत्याही गाडीसारखी दिसत नव्हती, आणि म्हणूनच लोकांनी ती नाकारली. जॅक टेलनॅक यांच्या मार्गदर्शनाखाली झालेली १९८६ ची फोर्ड टॉरस वाऱ्यासाठीच घोटली होती, तीही शेजारच्या चौकोनी गाड्यांत परग्रहावरची वाटे. वारा उताराची दिशा सुचवतो, नाक कसे असावे ते नाही. सारखेपणा येतो तो सांगाडे वाटून घेतल्याने, छत चिरडू नये म्हणून जाड झालेल्या खांबांमुळे, आणि दुसऱ्याहून वेगळे दिसण्याचे भय वाटू लागल्यामुळे. यांपैकी खांबांची तक्रार मी करणार नाही. ते माणसे वाचवतात.

या भयातून कंपन्यांनी शोधलेली पळवाट म्हणजे आजोबांचे कपडे. २००५ ची मस्टँग, २००८ ची चॅलेंजर, २०१० ची कमारो या तिघींनी १९६० आणि १९७० च्या सुमाराच्या आपल्याच रूपांची नक्कल केली. लेखक त्यांना 'परंपरेचे पुनरुज्जीवन' म्हणतात. मला चॅलेंजर पाहताना नेहमी वाटते की, जुन्या गाडीचे छायाचित्र कोणी उभ्या दिशेने ताणले आहे. पत्रा दोन तृतीयांश आणि काच एक तृतीयांश हे प्रमाण २००५ च्या क्रायस्लर ३०० मध्ये राल्फ गिल्स यांनी हेतुपुरस्सर वापरले होते, आणि तिथे ते शोभले, कारण ती गाडी कोणाचीही नक्कल करीत नव्हती. जुन्या रेघा मात्र पातळ छतासाठी आणि बुटक्या कमरेसाठी काढलेल्या होत्या. त्या जाड अंगावर चढवल्या की लहान मापाचा सदरा घातल्यासारखे होते. कमारोत बसले, तर बाहेरचे जग टपालपेटीच्या फटीतून पाहावे लागते.

नव्या काळातले कौतुक करावे असे काहीच नाही, असे मी म्हणत नाही. २०२० च्या कॉर्व्हेटने इंजिन चालकाच्या पाठीमागे नेले, जे डंटॉव्ह यांचे जन्मभराचे स्वप्न होते. साठ-पासष्ट वर्षांचे लांब नाक एका फटक्यात कापण्याची हिंमत मला आवडली. पाठीमागे गोल्फच्या दोन पिशव्या मावल्या पाहिजेत या अटीमुळे तिचे नितंब जड झाले, ते आवडले नाही. टेस्लाचा सायबरट्रक पाहून माझे तरुण सहकारी हसतात. मी हसत नाही. जाड स्टेनलेस स्टील डायमध्ये दाबून गोलाई आणणे अवघड, म्हणून सरळ रेघेत वाकवून सपाट पाट जोडायचे, हा विचार पत्र्याच्या स्वभावाला धरून आहे, आणि असा प्रामाणिकपणा हल्ली दुर्मीळ आहे. तरी सपाट पाट सुंदर दिसायला लिंकनसारखे काटेकोर प्रमाण लागते. ते इथे नाही. माथ्याचे टोक चालकाच्या डोक्यावर अकारण उंच गेले आहे. शिवाय या धातूवर लांबी भरून रंग मारण्याची सोय नाही. मामांनी तो दारातूनच परत पाठवला असता.

लेखात जीप नाही, याचे मला सर्वांत आश्चर्य वाटले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ मध्ये आठ मोटारी कलाकृती म्हणून मांडल्या, त्यांत अमेरिकी तीन होत्या: ब्यूरिग यांची कॉर्ड, १९४१ ची लिंकन कॉन्टिनेंटल आणि विलीजची जीप. या तिघींपैकी मराठी माणसाच्या रोजच्या पाहण्यातली एकच. महिंद्रने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. पोलीस ठाण्यासमोर, तहसील कचेरीत, उसाच्या फडाच्या कडेला आपण जी उंच बॉनेटची जीप वर्षानुवर्षे पाहिली, तिची ती उंची म्हणजे नखरा नव्हे. नवे हरिकेन इंजिन अधिक उंच होते, ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून विलीजने सीजे-३बी या मॉडेलमध्ये बॉनेट वर उचलले, एवढेच. गंमत अशी की, त्याच वंशातली रॉक्सर नावाची गाडी महिंद्रने मिशिगनमध्ये बनवायला घेतली, तेव्हा जीपच्या मालक कंपनीने रूप चोरल्याची तक्रार केली आणि जून २०२० मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ती मान्य केली. महिंद्रला तिचे तोंड बदलावे लागले. ज्या चेहऱ्यात एकही दागिना नाही, त्याच्यासाठी दोन खंडांतल्या कंपन्या भांडतात.

शेवटी दोन दुरुस्त्या, ज्या पुढील अंकात छापाव्यात अशी विनंती आहे. लेखासोबतच्या गुलाबी मोटारीच्या छायाचित्राखाली '१९५७ ची कॅडिलॅक' असे छापले आहे. पंखाच्या मध्यावर बंदुकीच्या गोळ्यांसारखे दोन लाल दिवे आहेत, त्याअर्थी ती १९५९ ची आहे. १९५७ च्या गाडीचे मागचे दिवे पंखात नसून खाली बंपरजवळ असतात. दुसरे, 'भारतात बनलेली अमेरिकी मसल कार' म्हणून जिचे चित्र दिले आहे, ती हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा असून तिचा मूळ नमुना इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन,
चिंचवड, पुणे